लोण्याच्या किल्ल्याची सहावी पायरी

आमच्या ह्यांना एक खोड आहे. दिसेल त्या भिंतीवर टकटक करायची. लग्नात बोहल्यावर चढायच्या आधी ह्यांनी कार्यालयाच्या खांबावर टकटक केली होती आणि माझ्या मामांनी घाबरून विचारलं होतं, मुलगा बरा आहे ना म्हणून. बरा आहे असं तेव्हा त्यांना सांगण्यात आलं. त्रेचाळीस वर्षं झाली, मी अजून खात्री करून घेतेय.

ह्यांचं नाव प्रल्हाद. एकतीस वर्षं सरकारी नोकरी, रस्ते आणि पूल बांधण्याच्या कामावर. खिशात कायम आमच्या साताऱ्याच्या घराची पितळी किल्ली. तिनं दगड वाजवायचा आणि कान लावून ऐकायचं. चांगला बसलेला दगड खणखणीत वाजतो, आतून पोकळ झालेला बद्द वाजतो. बद्द वाजलं की हे कागदावर सही करत नसत. मग कंत्राटदार असो, साहेब असो, नाहीतर साहेबाचा मेव्हणा असो. एकदा रस्त्याखालच्या एका मोरीवर सही केली नाही, तर महिन्याभरात आम्ही गडचिरोलीत होतो. अशा अकरा बदल्या झाल्या. अकरा वेळा मी डबे रिकामे केले, कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, यामिनीची शाळा बदलली. त्यामुळे तो बद्द आवाज मला ह्यांच्याइतकाच ओळखू येतो. तो ऐकला की मी आधी सुतळी शोधते.

दोन वर्षांपूर्वी यामिनीनं आम्हाला कायमचं इकडे बोलावून घेतलं. यामिनी आमची एकुलती एक. ती आणि जावई सिद्धेश दोघंही मिनेसोटात, ईडन प्रेरीला, नोकरीला आहेत. त्यांची मुलगी अनिका नऊ वर्षांची. घर छान, मागं तळं, तळ्यात बदकं. हे घरात शिरले, बूट काढले आणि सवयीनं दिवाणखान्याची भिंत वाजवली. बद्द. मग स्वयंपाकघराची, मग जिन्याची, मग बेसमेंटची. सगळीकडे बद्द. इथली घरं लाकडाची आणि वर पुठ्ठ्यासारखे तक्ते, वाजणार काय? सिद्धेशनं समजावून सांगितलं की इथे सगळ्यांची घरं अशीच असतात. ह्यांनी मान हलवली, खुर्चीत बसले, आणि जे बसले ते बसलेच.

अहो, माणूस किती गप्प बसावा? सकाळी चहा, मग खिडकी, मग जेवण, मग खिडकी. यामिनीनं सिनियर सिटिझनांचा योग लावून दिला, तिथं एकदा जाऊन आले. एका रात्री जेवताना म्हणाले की सुलेखा, आपण परत जाऊ, मी इथे कुणाच्याच काही कामाचा नाही. यामिनी ताटावरून उठून गेली. मला अनिका सोडवत नव्हती. शाळेतून आली की दप्तर फेकते आणि पहिली माझ्या कुशीत शिरते, ती काय साताऱ्याला फोनमधून शिरणार? पण ज्या माणसामागं अकरा गावं फिरले, त्याला बाराव्या गावी एकटं कसं पाठवू? वीस नोव्हेंबरची तिकिटं काढली. परतीची नव्हेत, कायमची.

आणि मग जूनमध्ये तो किल्ला निघाला.

ईडन प्रेरीपासून दीड तासावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध एक टेकडी आहे, तिच्यावर एक छोटा आयरिश किल्ला उभा आहे. छोटा म्हणजे किती? चार मजली एकच बुरूज, बस्स. तटबंदी नाही, खंदक नाही. आमच्या साताऱ्याकडच्या माणसाला दाखवला तर तो विचारेल, हा दरवाजा झाला, पुढचा किल्ला कुठाय? पण आहे पाचशे वर्षांपूर्वीचा आणि अस्सल. आयर्लंडमध्ये पडक्या अवस्थेत होता. इथल्या एका लोणीवाल्याची पणजी त्या किल्ल्याच्या गावची. सत्तर-बहात्तर साली त्यानं तो पडका किल्ला विकत घेतला, एकेका दगडावर रंगानं नंबर टाकला, बोटीनं आणला आणि या टेकडीवर नंबरानं परत रचला. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला पेलत नाही. आमच्या मराठी मंडळात सगळे त्याला लोण्याचा किल्ला म्हणतात.

यामिनीनं आम्हाला सहज फिरायला म्हणून नेलं होतं. हे आत शिरले, किल्ली काढली, भिंतीवर वाजवली. खण्ण. पुन्हा वाजवली. खण्ण. ह्यांनी त्या भिंतीवर तळवा ठेवला आणि मिनिटभर तसेच उभे राहिले. मग जे बोलायला लागले ते दीड तास, घर येईपर्यंत. दगड कसा घडवलाय, चुना कसा बसलाय, जिना डावीकडून उजवीकडे का वळतो, पायऱ्या मुद्दाम कमीजास्त उंचीच्या का ठेवल्यात, तर वर धावणारा शत्रू अडखळून पडावा म्हणून. सिद्धेश बिचारा गाडी चालवता चालवता हं हं करत होता. मागच्या सीटवर यामिनीनं माझा हात घट्ट दाबला. मीही दाबला.

किल्ल्याच्या दारावर पाटी होती, गाइडचं काम हौसेनं करणारी माणसं हवीत. दुसऱ्या दिवशी हे स्वतःहून अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले आणि म्हणाले, मला तिकडे सोडा.

किल्ल्याची सगळी व्यवस्था बघते ती मॉरीन. त्या लोणीवाल्याची मुलगी, आता साठी उलटलेली, उंच, पांढरे केस आणि चेहरा असा की आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सरला बाई आठवल्या. तिनं ह्यांना अठरा पानांचं पाठांतर दिलं आणि अटी सांगितल्या. सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी परीक्षा. पाहुणे तुम्हीच आणा, दहाबारा जण. चाळीस मिनिटांत सगळा किल्ला दाखवायचा, शेवट गच्चीवर. जमलं तर गाइडचा बिल्ला.

त्या रात्री आमचा दोघांचा करार झाला. बिल्ला मिळाला तर राहायचं, तिकिटं रद्द. नाही मिळाला तर वीस नोव्हेंबर. ह्यांनी चक्क हातात हात दिला. म्हणजे भाजी टाकावी तसं ह्यांनी माझं उरलेलं आयुष्य त्या मॉरीनच्या पिशवीत टाकलं होतं.

तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. हे फ्रीजसमोर उभे राहून अठरा पानं म्हणत. अनिका सोफ्यावर बसून उच्चार दुरुस्त करी आणि मोबाइलवर वेळ लावी. पहिल्या दिवशी एक तास पन्नास मिनिटं लागली. आजोबा, कट द लाइम पार्ट, असं ती रोज सांगायची. चुन्याचा भाग मात्र हे काही केल्या गाळायला तयार नव्हते. सप्टेंबरपर्यंत गाडी पंचावन्न मिनिटांवर आली. मी मनातल्या मनात गणपतीला सांगितलं की बाबा रे, पंधरा मिनिटं तू खा.

पाहुणे आणायचं काम माझ्याकडे होतं. मी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी लिहिल्या, ह्यांची पहिली टूर आहे, दहाएक जण आलात तर बरं होईल. आता मराठी माणसाला किल्ला म्हटलं की काय होतं ते मला कळायला हवं होतं. मंडळाची सेक्रेटरी रेखा, तिनं तासाभरात पोस्टर बनवलं. लोण्याचा किल्ला ट्रेक, सोबत पॉटलक, गच्चीवर फेटे बांधून ग्रुप फोटो. शनिवारी सकाळी टेकडीखाली अकरा गाड्या उभ्या. माणसं एकतीस. कुणाच्या हातात कोथिंबीर वडी, कुणाकडे साबुदाणा वडे, रेखानं तर चाळीस माणसांची मिसळ कुकरसकट आणली होती. मॉरीन दारात उभी राहून मोजत होती आणि तिच्या भुवया वर वर चालल्या होत्या. बारा सांगितले होते ना, असं तिनं विचारलं. हे म्हणाले, मॅडम, बाराच सांगितले होते, हे आपोआप झाले.

तिनं जेवणाचे डबे बाहेर ठेवायला लावले आणि सगळ्यांना आत घेतलं. तेवढ्यात दुसरा घोळ झाला. खालच्या मजल्यावर दारासमोरच भिंतीत एक कोनाडा आहे. त्यात झिजलेली दगडी मूर्ती, ब्रिजिड नावाची आयरिश संत, गाईगुरांची आणि दूधलोण्याची राखणदार. समोर मेणबत्ती तेवत होती. रेखानं मूर्ती बघितली, मेणबत्ती बघितली आणि हात जोडले. हात जोडले म्हणजे पायात चपला कशा चालतील? ती मागं फिरून दाराबाहेर बूट काढून आली. तिच्या मागचे फिरले, त्यांच्या मागचे फिरले. दोन मिनिटांत दाराबाहेर एकतीस जोड, आणि आत सगळी मंडळी अनवाणी. आमचे हेसुद्धा! परीक्षा द्यायला आलेला माणूस, आणि सगळ्यात आधी मोजे खिशात कोंबून तयार.

मॉरीननं कपाळाला हात लावला. हे काही देऊळ नाही आणि आत बूट घालूनच फिरायचं असा विम्याचा नियम आहे, असं ती सांगत होती. पण तोवर ह्यांनी सुरुवात केली होती आणि ह्यांनी सुरुवात केली की विम्याचंही काही चालत नाही. तिनं वहीत काहीतरी लिहिलं. सिद्धेश माझ्या कानाशी पुटपुटला की आई, मायनस वन.

पण काय बोलले हो! अठरा पानं घडाघडा. फ्रीजसमोर चाचरणारा माणूस तिथं असा बोलत होता की मंडळी हलेनात. वरून शत्रूच्या डोक्यावर दगड टाकायचं भोक दाखवलं, तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या आणि सगळे मिळून दोन पावलं मागं सरले. मॉरीनच्या बापानं नंबर टाकले ती गोष्ट सांगताना ह्यांनी तिच्याकडे हात करून सांगितलं की तेव्हा ह्या दहा वर्षांच्या होत्या आणि रंगाचा डबा ह्यांच्या हातात होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मॉरीन अवघडली, पण तिचा चेहरा मवाळ झाला होता. मी ते टिपलं. चुन्यापाशी मात्र हे रुतले. खालच्या मजल्यावरच चाळीस मिनिटं संपली. अनिकानं मनगटावर बोट आपटून दाखवलं. तेव्हा कुठं हे म्हणाले, चला, वर.

जिना दगडी, गोल फिरत जाणारा, जेमतेम दोन फूट रुंद. हे पुढे, मागं मी, माझ्यामागं रेखा फेट्याची पिशवी घेऊन, आणि शेवटी सगळ्यांच्या मागं मॉरीन. हे चार पायऱ्या चढले, पाचवीवर पाय ठेवला आणि थांबले.

मला वाटलं पाठांतर विसरले. हे खाली वाकले. पाचव्या पायरीवरून तळपाय फिरवला, मग बोट फिरवलं. बोटावर बारीक भुकटी, गव्हाच्या पिठासारखी. बूट घातलेल्या माणसाला ती जन्मात कळली नसती, पण अनवाणी पायाला लागली. कचकच लागतेय, असं हे स्वतःशीच म्हणाले. आणि खिशातून किल्ली काढली.

चौथी पायरी. खण्ण. पाचवी. खण्ण. सहावी.

बद्द.

सातवी पुन्हा खणखणीत. पुन्हा सहावी. बद्द. एकतीस माणसांत तो आवाज दोघांनाच कळला, ह्यांना आणि मला.

हे वळले आणि इंग्रजीत म्हणाले की वर जायचं नाही. टूर इथे संपली.

जिन्यात एकच कालवा झाला. मागच्यांना वाटलं पुढे कुणाला चक्कर आली. रेखा म्हणाली, काका, फोटो तर काढू, दोन-दोन जण जाऊ. मॉरीन वाट काढत पुढे आली आणि तिचा चेहरा परत मुख्याध्यापिकेचा झाला होता. वसंतात तज्ज्ञ माणसानं सगळा जिना तपासलाय, उन्हाळाभर शेकडो लोक वर जाऊन आलेत, ठरलेला मार्ग गच्चीपर्यंत आहे आणि गच्ची दाखवली नाही तर परीक्षा पुरी झाली असं तिला म्हणता येणार नाही. हे सगळं तिनं शांतपणे सांगितलं, ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ह्यांनी तिला सांगायचा प्रयत्न केला. सांध्यांत कुणीतरी सिमेंट भरलंय, सिमेंट पाण्याला बाहेर येऊ देत नाही, पाणी हिवाळ्यात आत गोठतं, फुगतं आणि मागचा चुना दळून काढतं. तीच भुकटी पाचवीवर गळलीय; सहावी पायरी वरून धडधाकट दिसते, पण भिंतीतला तिचा आधार गेलाय. एकेकटा माणूस गेला तोवर ठीक, एकतीस माणसं एकामागून एक नकोत. पण इतकं सगळं फ्रीजसमोर पाठ केलेलं नव्हतं. इंग्रजी तुटायला लागलं, हात हवेत फिरायला लागले.

सिद्धेश खालून मला म्हणाला, आई, तुम्ही समजवा ना त्यांना.

मी समजवायला गेले. खरं सांगते, मला आता लाज वाटते, पण मी गेले. ह्यांच्या कानाशी लागले आणि म्हटलं की अहो, उन्हाळाभर माणसं गेलीत, आज एक दिवस जाऊ द्या. बिल्ला घ्या. उद्या सांगा त्यांना पायरीचं. माझ्या डोळ्यांपुढे अनिका होती. ती खाली उभी राहून वर बघत होती आणि कराराचं तिलाही माहीत होतं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, काकुळतीनं.

"सुलेखा," हे म्हणाले, "बद्द वाजतंय गं."

आणि पाचव्या पायरीवर बसले. गडचिरोलीला जायच्या आदल्या दिवशी पलंगावर बसले होते, तसेच. मला त्या क्षणी ह्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदम कशी येतात देव जाणे. मग मी काय केलं? मी चौथ्या पायरीवर बसले. आम्ही दोघंही अंगानं भरलेले. दोन फुटांच्या जिन्यात आम्ही बसल्यावर मुंगीलाही वाट राहिली नाही.

मग मॉरीननं सगळ्यांना खाली जायला सांगितलं आणि जिन्याच्या तोंडाशी दोर बांधला. मंगळवारी तिचा गवंडी येणार होता, त्याला दाखवते म्हणाली. बिल्ल्याचं नाव काढलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

बाहेर हिरवळीवर मात्र जत्रा भरली. भुकेली मराठी माणसं आणि चाळीस जणांची मिसळ, दुःख करायला सवड कुणाला? मेपलची पानं नुकती लाल व्हायला लागली होती आणि ऊन असं की पाठ शेकून निघावी. रेखानं रडत रडत का होईना, खालीच फेटे बांधले, किल्ला मागं ठेवून फोटो काढला. कुणीतरी मॉरीनला वाटी नेऊन दिली. ती दोन घास खाऊन लालबुंद झाली, पाणी प्यायली आणि वाटी पुन्हा पुढे केली. हे एका दगडावर बसून बोटावरची भुकटी बघत होते. अनिका त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि विचारलं, आजोबा, आर यू इन ट्रबल? हे म्हणाले, नेहमीचंच आहे बेटा.

घरी आल्यावर मी कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या. यामिनीनं बघितलं आणि दार लावून घेतलं. मी पहिल्या बॅगेत स्वेटर घातले. सुतळी काही इथं मिळत नाही, चिकटपट्टी शोधून ठेवली.

मंगळवारी दुपारी फोन आला. मॉरीननं फक्त एवढंच विचारलं की तुम्ही दोघं येऊ शकाल का, आत्ता.

सिद्धेश मीटिंग सोडून आम्हाला घेऊन गेला. किल्ल्याच्या दारात गवंडी उभा होता, हातापायाला पांढरी भुकटी. त्यानं सांगितलं की सिमेंटचा सांधा फोडायला छिन्नी लावली तशी पायरी भिंतीतून हातात आली. मागं चुना नव्हताच, नुसतं ओलं पीठ. सहावी पायरी आता हिरवळीवर पालथी पडली होती. मॉरीन तिच्याजवळ गुडघे टेकून बसली होती. पायरीच्या पोटावर, पन्नास वर्षं कुणाला न दिसलेला, लाल रंगातला नंबर होता. दोनशे सत्तेचाळीस. चारचा आकडा उलटा काढलेला होता.

मॉरीन बोटानं तो चार गिरवत होती. म्हणाली की मी चार उलटा काढायची म्हणून बाबा रागवायचे, आणि मग त्यांनीच ह्या दगडाला सांगितलं होतं की जा बाबा, असाच जा. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. शनिवारी एकतीस माणसं वर गेली असती तर काय झालं असतं, हे तिनं बोलून दाखवलं नाही. ह्यांच्याकडे बघून नुसती मान हलवली.

मग तिनं विचारलं, आता काय करायचं. अहो, प्रश्न कुणाला विचारला बाईनं! हे शर्टाच्या बाह्या सारत पुढे झाले. सिमेंट सगळं काढायचं, अठ्ठेचाळीस पायऱ्यांचं. एकेक सांधा मोकळा करायचा. चुनकळी आणायची, हौदात भिजवायची, वर पाणी ठेवून झाकायची. आमच्याकडे चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालतात. मॉरीन म्हणाली, आयर्लंडला आमच्या गावी म्हातारे ताक घालायचे. हे इतके खूश झाले की मला वाटलं तिच्या पाठीवर थाप मारतात. रेखाला सांगून इंडियन स्टोअरमधून गूळ मागवायचं तिथल्या तिथं ठरलं. ताक मी करणार.

बिल्ल्याचं सिद्धेशनंच धीर करून विचारलं. मॉरीन म्हणाली की छे, गाइड म्हणून ह्यांना घेणं शक्य नाही. पाऊण तास झाला आणि जिना सुरू व्हायचा होता. मग ती आत गेली आणि एक छोटी हातोडी घेऊन आली. दांडा गुळगुळीत झालेला, बापाची होती. ती तिनं ह्यांच्या हातात ठेवली आणि विचारलं की काम किती दिवसांचं आहे.

"दिवस कसले," हे म्हणाले. "चुना हिवाळाभर मुरू द्यायचा. थंडीत चुन्याचं काम होत नाही, मेशिवाय हात लावायचा नाही. मग अठ्ठेचाळीस पायऱ्या, एका उन्हाळ्यात होणार नाहीत. दोन धरा."

हे इंग्रजीत म्हणाले, सावकाश, एकही शब्द न अडता. आणि बोलून झाल्यावर ह्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. माझ्याकडे वळले. अकरा वेळा माझं घर उठवलं त्या आवाजानं, आणि बाराव्या वेळी उठवायला आला तो बसवून गेला. मी तिथंच, त्या गवंड्यासमोर, मॉरीनसमोर, जावयासमोर भडाभडा रडले. रडले तर रडले.

मॉरीननं मला जवळ घेतलं. ह्यांना काय करावं ते सुचेना. हातोडी या हातातून त्या हातात केली, मग खिशात हात घातला आणि साताऱ्याच्या घराची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही घरात ठेव कुठंतरी," म्हणाले. "आता काही लागायची नाही."